खोली नंतर सांगा, आधी तेव्हा पाणी किती होतं ते सांगा

मागच्या अंकात हायड्रोग्राफिक सर्व्हेवर, म्हणजे पाण्याखालची जमीन मोजायच्या कामावर लिहिलं होतं आणि शेवटी प्रश्न पाठवा म्हटलं होतं. आले, भरपूर आले. सगळे छापणं शक्य नाही, एकसारखे होते ते एकत्र केलेत, नावं काढलीत, आणि दोन-तीन जणांनी कंपन्यांची नावं घेऊन शिव्या घातल्या होत्या त्याही गाळल्यात. निम्म्या लोकांनी मशीन कुठलं घेऊ असं विचारलंय आणि भरती-ओहोटी नीट कशी मोजू असं विचारणारे मोजून दोघं-तिघं. माझं मत नेमकं उलट आहे, मशीन भाड्याने मिळतं, भरतीची पातळी भाड्याने मिळत नाही, त्यामुळे उत्तरं त्या बाजूला झुकलीत हे आधीच सांगून टाकतो.

प्रश्न: आमची होडी दाभोळ खाडीत आत असते, गोवळकोटच्या बाजूला. मोबाइलवर भरतीची वेळ बघून निघावं तर पाणी तास-दीड तासाने येतं. अ‍ॅप चुकीचं आहे का? आमचे आजोबा तिथीवरून सांगायचे ते जास्त बरोबर यायचं.

उत्तर: अ‍ॅप चुकीचं नाही हो, ते तुमच्या जागेचं नाही एवढंच. बहुतेक अ‍ॅप जवळच्या मोठ्या बंदराचा अंदाज दाखवतात नाहीतर उघड्या समुद्राच्या मॉडेलमधून आकडा काढतात, आणि तुम्ही बसलाय खाडीच्या पार आत. भरती ही लाटच आहे, फक्त इतकी लांबलचक की डोळ्याला लाट म्हणून दिसत नाही. आपल्या किनाऱ्यावर ती दक्षिणेकडून वर सरकते, म्हणून गोव्याला भरती आधी लागते आणि मुंबईला साधारण तासाभराने, आणि येता येता फुगतेही, गोव्यात उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, जेवढं पाणी चढतं-उतरतं त्याच्या जवळपास दुप्पट मुंबईला आणि पुढे खंभातच्या आखातात भावनगरला तर 10 मीटरच्या घरात. ही लाट खाडीत शिरली की तिचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो, 5 मीटर पाणी असेल तर ताशी 25 किलोमीटरच्या आसपास, उथळ असेल तर आणखी मंद. दाभोळच्या मुखापासून गोवळकोट चाळीसएक किलोमीटर. करा हिशोब, दीड तास तसाच गेला.

बरं, हा उशीर भरतीला एक आणि ओहोटीला वेगळा असतो. पाणी कमी असताना लाट आणखी हळू चालते म्हणून ओहोटीचा तळ आत फार उशिरा पोचतो, आणि त्यामुळे खाडीत आत भरती भसकन चढते आणि ओहोटी रेंगाळत उतरते, हे तुम्ही रोज बघत असालच. पावसाळ्यात वाशिष्ठीला वरून लोंढा आला की हे सगळं गणित विस्कटतं, तेव्हा कुठलंच टेबल धरू नका.

आजोबांचं गणित म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमाराला, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास येऊन परत पहिल्यापासून सुरू. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते आणि पाऊण तास म्हणजे 45, त्यामुळे तोंडी हिशोबाला हे झकास बसतं. पण हे आहे मुंबईच्या आसपासच्या उघड्या किनाऱ्याचं. आजोबांचं गोवळकोटला जमायचं याचा अर्थ ते त्यात आपल्या बांधावरचा उशीर मिळवून सांगत असणार, आणि तेच तुम्ही करा. बंदराच्या धक्क्याला एक खूण करा, एका अमावास्येपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत अ‍ॅपची वेळ आणि तुमची वेळ शेजारी शेजारी लिहा, उधाणाचा उशीर वेगळा काढा आणि भांगाचा, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीचा, वेगळा. दोन आकडे मिळतील, ते वर्षभर पुरतील, पावसाचे महिने सोडून.

प्रश्न: रेवस-करंजाच्या बाजूला आमच्या जेट्टीसमोरचा गाळ काढायचाय. दोन एजन्सींकडून सर्व्हे करून घेतला, महिन्याभराच्या अंतराने. एकाने 1.2 मीटर खोली दाखवली, दुसऱ्याने त्याच जागी 3.7. दोघांनी पैसे घेतले. खोटं कोण?

उत्तर: बहुतेक कोणीच नाही, पण दोघांनीही तुम्हाला अर्धवट सांगितलंय. फरक बघा किती येतो, बरोबर अडीच मीटर. हा आकडा बघितला की आमच्या धंद्यातला माणूस लगेच विचारतो, डेटम काय धरलाय?

पाण्याची खोली ही कुठल्या तरी शून्यापासूनच मोजावी लागते कारण पाणी स्वतः तासातासाला हलतंय. नाविक नकाशावर हा शून्य मुद्दाम खाली धरतात, इतका खाली की पाणी सहसा त्याच्या खाली जाऊ नये, म्हणजे नकाशावरची खोली बघून येणारा जहाजवाला फसणार नाही. त्याला चार्ट डेटम म्हणतात. आपल्या देशातल्या बंदरांसाठी हा शून्य कसा काढायचा याची एक रीत जॉर्ज डार्विन यांनी घालून दिली, हे चार्ल्स डार्विनचे चिरंजीव, भरती-ओहोटीच्या गणितातलं मोठं नाव. सरासरी समुद्रपातळी घ्यायची आणि चंद्र-सूर्याच्या चार मुख्य घटकांचा जोर तिच्यातून वजा करायचा. मुंबईत अपोलो बंदरला या शून्यापासून सरासरी समुद्रपातळी 2.51 मीटरवर आहे, उधाणाची सरासरी भरती 4.42 ला आणि ओहोटी 0.76 ला, भांगाची भरती 3.30 आणि ओहोटी 1.86. तुमची जागा समोरच आहे, तिथे आकडे थोडे वेगळे येतील पण फार नाही. तर एका एजन्सीने खोली चार्ट डेटमपासून दिली आणि दुसऱ्याने सरासरी समुद्रपातळीपासून, असा माझा जवळजवळ पक्का अंदाज आहे. दोन्ही खोल्या खऱ्या, शून्य वेगळे.

आता याचा पैशात अर्थ सांगतो. समजा जेट्टीसमोरचा तुकडा 100 बाय 50 मीटरचा आहे. अडीच मीटरचा घोळ म्हणजे 12,500 घनमीटर गाळ, जो एका नकाशात काढायचाय आणि दुसऱ्यात नाहीच आहे. ठेकेदार कुठला नकाशा पुढे करेल ते मी सांगायला नको.

दोघांना पत्र पाठवा आणि तीनच गोष्टी लेखी मागा. डेटम कुठला, तो कुठल्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवरून, आणला आणि त्या बेंचमार्कची उंची काय, सर्व्हे चालू असताना पाण्याची पातळी कुठे उभं राहून कोणी वाचली. तिसऱ्याचं उत्तर 'सॉफ्टवेअरमध्ये घेतलंय' असं आलं तर सर्व्हे परत करून घ्या.

अजून एक सापळा सांगून ठेवतो. जमिनीवरचा जो सरकारी शून्य आहे तो सर्व्हे ऑफ इंडियाने मुंबई, कारवार, कराची धरून 9 ठिकाणच्या भरतीच्या नोंदींवरून 1909 मध्ये पक्का केला. तो आणि आजची तुमच्या जेट्टीवरची सरासरी पातळी एकच असं समजू नका. आणि जीपीएसची उंची तर तिसरंच प्रकरण, ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते आणि मुंबईच्या किनाऱ्यावर खरा समुद्र त्या आकाराच्या 60 मीटरहून जास्त खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर हा खड्डा शंभर मीटरच्या वर जातो, जगातला सगळ्यात खोल. त्यामुळे कोणी नुसती जीपीएस उंची हातात ठेवली तर तिचं काय करायचं ते त्यालाच विचारा.

प्रश्न: फिशफाइंडरने सर्व्हे होतो का? कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सेम टेक्नॉलॉजी आहे.

उत्तर: तत्त्व सेम आहे, आवाज खाली पाठवायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. होडी वाळूवर चढू नये म्हणून बघायला उत्तम. बिल काढायला नाही.

प्रश्न: मी एका कंपनीत ज्युनियर सर्व्हेअर आहे. साइट एकदम आडबाजूला, वीज नाही, नेटवर्क टेकडीवर चढलं तर. जवळचं बंदर 70 किलोमीटरवर. साहेब म्हणतात त्या बंदराचं टाइड टेबल लाव आणि मोकळा हो. बेंचमार्कही सापडत नाहीये. काय करू?

उत्तर: साहेबांचं ऐकू नका, पण साहेबांना ते पटेल अशा भाषेत सांगा. मी तुम्हाला आकडा देतो, तो त्यांच्यापुढे ठेवा. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या एस-44 नावाच्या नियमांत बंदरातल्या कामाला जो 'स्पेशल ऑर्डर' आहे, त्यात 10 मीटर पाण्यात सगळ्या चुका मिळून खोलीत साधारण 26 सेंटीमीटरच्या आत बसायचं असतं. मुंबईसारख्या ठिकाणी उधाणाच्या मधल्या तासांत पाणी दहा मिनिटांत 15 सेंटीमीटर चढतं. म्हणजे भरतीची वेळ 20 मिनिटांनी चुकली की 30 सेंटीमीटर गेले, अजून मशीनची, बोट हलण्याची, आवाजाच्या वेगाची चूक धरलीच नाही. 70 किलोमीटरवरचं बंदर 20 मिनिटं इकडेतिकडे असणार नाही याची गॅरंटी साहेब देतायत का? शिवाय टेबल म्हणजे फक्त चंद्र-सूर्याचा हिशोब, वाऱ्याने दाबलेलं पाणी आणि वादळ त्यात नसतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडून आत आलं तेव्हा टेबलमध्ये त्या दिवसाचं पाणी इतर कुठल्याही दिवसासारखंच छापलेलं होतं.

तर काठी रोवायचीच. टाइड पोल म्हणजे काय, रंगवलेली पट्टी, दहा-दहा सेंटीमीटरचे काळे-पांढरे पट्टे. पण ती कुठे रोवताय याला अक्कल लागते. मोठ्यातल्या मोठ्या ओहोटीला पोलचा पाय कोरडा पडता कामा नये, आणि सपाट किनारा असेल तर एका पोलने भागत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी दोन-तीन लावा, वरच्याचा तळ आणि खालच्याचा माथा एकाच वेळी पाण्यात राहील असं बघा. खाडीच्या मुखावर वाळूचा दांडा असेल आणि तुम्ही दांड्याच्या आत पोल लावलात तर फसलात, कारण बाहेर पाणी अजून उतरत असतं आणि आतलं दांड्याच्या उंचीला येऊन थांबतं, मग तुम्हाला खरी ओहोटी कधी दिसतच नाही आणि तुम्ही शून्य वर धरून बसता. चिखलात रोवलेला पोल महिन्याभरात चार बोटं खाली जातो, कोणी होडी बांधली तर वाकतो, म्हणून बाजूने तारा ताणा आणि आठवड्याला लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावून तपासा. गावातल्या तांडेलाला आधी विचारा, सुकतीला इथे पाणी कुठवर जातं, एका मिनिटात जागा दाखवेल, त्याचं ऐका.

लाटेत वाचायचा प्रश्न येतो. शेंडा आणि तळ बघून मधला आकडा घ्या असं शिकवतात, बरोबरच आहे, पण पोलला एक पारदर्शक प्लॅस्टिकची नळी उभी बांधा, खालचं तोंड बंद करून बारीक भोक ठेवा, आतलं पाणी लाटेबरोबर नाचत नाही आणि थेंबभर रंग टाकला तर रात्री बॅटरीच्या उजेडातही स्वच्छ वाचता येतं. पंधरा दिवसांत नळीच्या भोकावर कालवं आणि शेवाळ बसतं, ते काढत राहावं लागतं.

बेंचमार्क सापडत नाही म्हणालात. सरकारी नसेल मिळत तर स्वतःचे करा, निदान तीन आणि एकमेकांपासून लांब, एक कातळावर, एक देवळाच्या जुन्या दगडी पायरीवर, एक मोरीच्या कठड्यावर, म्हणजे उद्या रस्तावाल्यांनी मोरी फोडली तरी दोन उरतील. पोलच्या शून्यापासून तिन्हीला लेव्हलिंग जाता-येता दोन्हीकडून करा. फोटो काढा, अंतरं लिहा, वर्णन असं लिहा की पाच वर्षांनी दुसऱ्या कोणाला सापडावं. सर्व्हेचा नकाशा कपाटात जातो, बेंचमार्क कामाला येतो.

प्रेशर गेज मिळत असेल तर तो पाण्याखाली पोलच्या शेजारी टाका, तो न झोपता नोंदी घेतो. पण त्याला पाणी कळत नाही, फक्त दाब कळतो, आणि त्या दाबात हवेचाही दाब येतो. एक हेक्टोपास्कल म्हणजे एक सेंटीमीटर पाणी. मुंबईत जानेवारी आणि जुलै यांच्यात हवेचा दाब दहाएक हेक्टोपास्कलने बदलतो, म्हणजे दहा सेंटीमीटर तिथेच गेले, म्हणून किनाऱ्यावर हवेचा दाब मोजणारा दुसरा लॉगर ठेवा. खाडीत कधी गोडं कधी खारं पाणी असेल तर घनतेत अडीच टक्क्यांपर्यंत फरक पडतो, 4 मीटर पाण्याखाली ठेवलेला गेज त्यात आणखी दहा सेंटीमीटर चुकू शकतो. रडार गेजला ही भानगड नाही, तो वरून पाण्याकडे बघतो, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने असे गेज किनाऱ्यावर बरेच वापरलेत, पण त्याला खाली पाणी राहील अशी पक्की जेट्टी लागते आणि तुमच्याकडे तीच नाहीये. काहीही लावा, निदान 25 तास पोल आणि गेज दोन्ही शेजारी शेजारी वाचून ताडून बघा, एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला.

किती दिवस मोजायचं? चंद्राचा मुख्य घटक 12.42 तासांचा आणि सूर्याचा 12 तासांचा, हे दोन वेगळे काढायला पंधरा दिवस लागतात, चंद्र जवळ-लांब जातो त्याचा घटक वेगळा काढायला महिना. म्हणून आम्ही 29-30 दिवस म्हणतो. काही घटक सुटे व्हायला सहा महिने लागतात आणि चंद्राच्या कक्षेचं एक चक्र 18.6 वर्षांचं आहे, तेवढं थांबायला कंपनी देणार नाही, तेव्हा महिनाभर मोजा आणि त्याच महिन्याच्या त्या लांबच्या बंदरातल्या नोंदी मागवून दोन्हीकडच्या चढ-उताराचं प्रमाण काढा, त्यावरून तिथला चार्ट डेटम तुमच्याकडे आणता येतो. त्या बंदराचा उपयोग हा असा आहे, टेबल उचलून लावण्याचा नाही.

आणि पोल वाचायला ठेवलेल्या पोरावर लक्ष ठेवा. रागावून म्हणत नाहीये, रात्री तीन वाजता पावसात दर दहा मिनिटांनी आकडा लिहायचा म्हणजे झोप लागणारच, दोघांना आलटून-पालटून ठेवा आणि चहाची सोय करा. एका साइटवर माझ्याकडे रात्रीच्या नोंदी इतक्या गुळगुळीत आल्या की प्रत्येक आकडा शून्य नाहीतर पाचवर संपलेला. खरं पाणी असं वागत नाही. अंदाज आणि नोंद यांच्यातला फरक वेगळा काढून आलेख बघा, खऱ्या नोंदीत तो थोडा वेडावाकडा असतो. बनवलेल्या नोंदीत एकतर सरळ रेघ येते नाहीतर सकाळी पोरगा जागा झाला त्या वेळेला एकदम उडी. त्या रात्रीचं सगळं काम परत केलं, पैसे आमचे गेले. घड्याळही एकच ठेवा, पोलवाल्याचं आणि बोटीवरचं, दोन्हीकडे जीपीएसची वेळ.

बोटीवर आरटीके, म्हणजे सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएस, लावला की टाइड पोल लागतच नाही असं सेल्समन सांगून जाईल. लागतो. आरटीके बोटीची उंची सेंटीमीटरमध्ये देतो हे खरं, पण ती गणिती आकारापासून, आणि तिथून तुमच्या चार्ट डेटमपर्यंत किती अंतर आहे ते त्या जागी कोणीतरी पाणी मोजल्याशिवाय कळणार कसं? दोन्ही करा, एकमेकांवर तपासा, छान काम होतं.

प्रश्न: सेम मशीन, सेम बोट, मे महिन्यात एक खोली आणि ऑगस्टमध्ये दुसरी. गाळ आला असं गृहीत धरू का?

उत्तर: घाई नको. इको साउंडर आवाजाचा वेग धरून खोली सांगतो. 28 डिग्रीच्या खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1540 मीटर जातो, तेवढ्याच गरम गोड्या पाण्यात 1505 च्या आसपास. ऑगस्टमध्ये खाडीत वरचं पाणी जवळपास गोडं असतं, मशीनमध्ये मे महिन्याचाच आकडा राहिला असेल तर 10 मीटरला वीसेक सेंटीमीटर खोली उगाच जास्त दिसते. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी बार चेक करा, साखळीला बांधलेली लोखंडी पाटी साउंडरच्या खाली बरोबर 2 मीटर, मग 4, मग 6 वर सोडायची आणि मशीन तेच दाखवतं का ते बघायचं. जुनी पद्धत आहे, अर्धा तास जातो, कंटाळवाणी आहे, करा.

दुसरं, गाळ म्हणजे नेमकं काय मोजलं? मऊ गाळात 200 किलोहर्ट्झचा आवाज वरच्या पातळ थरावरूनच परत येतो आणि 33 किलोहर्ट्झचा आत शिरून खालच्या घट्ट थरावर आपटतो. एकाच जागी दोन खोल्या येतात, दोन्ही बरोबर. मे महिन्यात एक फ्रिक्वेन्सी आणि ऑगस्टमध्ये दुसरी वापरली असेल तर तुमचा 'गाळ' तिथेच सापडला. बाकी पावसाळ्यात गाळ येतोच, पण आधी हे दोन बघा.

प्रश्न: मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं पोर्ट ब्लेअरला होतो. तिथे लोक म्हणायचे 2004 च्या सुनामीनंतर समुद्र वर आला, काही म्हणायचे जमीन खचली. मोजणाऱ्याला हे कळतं कसं?

उत्तर: ताई, सगळ्या पत्रांत मला हा प्रश्न सगळ्यात आवडला. नुसत्या टाइड गेजला हे कळत नाही. गेज जमिनीला खिळलेला, तो पाणी त्या जमिनीच्या मानाने मोजतो, जमीन मीटरभर खाली गेली तर तो म्हणणार पाणी मीटरभर वर आलं. पोर्ट ब्लेअरला तसंच झालं, 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात तिथली जमीन साधारण मीटरभर खचली, निकोबारच्या टोकाला इंदिरा पॉइंटला तर चार मीटरहून जास्त आणि तिथलं दीपगृह पाण्यात गेलं. पण त्याच भूकंपात उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा वर उचलला गेला आणि पोवळ्यांचे खडक उघडे पडले. समुद्र वाढला असता तर तो एकीकडे वर आणि एकीकडे खाली गेला नसता, म्हणजे हलली ती जमीन. हे नक्की करायला गेजच्या बेंचमार्कवर जीपीएस ठेवून त्याची उंची पृथ्वीच्या केंद्राच्या हिशोबाने मोजावी लागते, मग जमिनीचं वेगळं आणि पाण्याचं वेगळं करता येतं. आणि तिथले सगळे जुने नकाशे, सगळे जुने शून्य त्या एका सकाळी बाद झाले, पुन्हा सर्व्हे करावे लागले, जेट्ट्यांची उंची पुन्हा बघावी लागली.

मुंबईला अपोलो बंदरला 1878 पासून नोंदी आहेत, जगात इतक्या लांब नोंदी फार ठिकाणी नाहीत, आणि समुद्र किती वाढतोय हे आपण बोलतो ते असल्या जुन्या, कंटाळवाण्या, रोजच्या रोज लिहिलेल्या वह्यांच्या जिवावर. सुनामीसाठीही गेज लागतोच. 1945 च्या नोव्हेंबरमध्ये पाकिस्तान-इराणकडच्या मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाची सुनामी मुंबईपर्यंत आली होती, आपल्या बाजूला हे होतच नाही असं समजू नका. आता हैदराबादच्या इन्कॉइसकडे, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राकडे, देशभरातल्या गेजचे आकडे उपग्रहावरून चालू वेळेत जातात.

प्रश्न: सर मी देवगडचा, डिप्लोमा सिव्हिल लास्ट इयर. या फिल्डमध्ये यायचंय, कोर्स कुठला करू, मल्टीबीम शिकू का?

उत्तर: मल्टीबीम, म्हणजे एका फेरीत तळाचा रुंद पट्टा मोजणारा साउंडर, शीक, पण तो शेवटी. आधी ऑटो लेव्हल हातात घेऊन बंद फेरा, म्हणजे निघालो तिथेच परत येणारी मोजणी, मिलिमीटरमध्ये जुळवता येतो का बघ, कॉलेजला सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला ज्यांनी मित्राची वही उतरवली त्यांची इथे पंचाईत होते. लीस्ट स्क्वेअर्सचं, म्हणजे मोजणीतल्या चुका नीट वाटून टाकायचं, गणित पक्कं कर. पोहायला येत असणारच, देवगडचा आहेस.

या धंद्यात जगभर चालणारी ओळख म्हणजे कॅटेगरी ए आणि कॅटेगरी बी, आंतरराष्ट्रीय मंडळ कोर्सना ही मान्यता देतं. आपल्याकडे गोव्यात नौदलाची राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्था आहे, तिथले कोर्स या मान्यतेचे आहेत आणि नौदलाबरोबर बंदरांचे आणि बाहेरच्या देशांचे लोकही तिथे शिकून जातात. नकाशे बनवणारं मुख्य ऑफिस डेहराडूनला, समुद्राचं काम डोंगरात बसून चालतं याची आम्ही सगळेच गंमत करतो. नौदलाची नवी सर्व्हे जहाजंही येतायत, आयएनएस संधायक फेब्रुवारी 2024 मध्ये आलं, डिसेंबरमध्ये निर्देशक. नौदलात जायचं नसेल तर बंदरं आहेत, महाराष्ट्र सागरी मंडळ, ड्रेजिंग कंपन्या, आणि नद्या-खाड्यांच्या जलमार्गांचं काम, अंबा नदी राष्ट्रीय जलमार्ग 10 आहे आणि दाभोळ-वाशिष्ठी 28, अशा ठिकाणी सर्व्हे लागत राहतो. पुण्याला खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था 1916 पासूनची, तिथे बंदरांची मॉडेल बनतात, इंटर्नशिप विचारून बघ. पहिली नोकरी प्रायव्हेटमध्ये मिळाली तर छोट्या कंपनीत जा, मोठीत तुला वर्षभर एकाच सॉफ्टवेअरसमोर बसवतील, छोटीत पोल रोवण्यापासून नकाशा छापण्यापर्यंत सगळं अंगावर पडतं. बोट लागते का ते मात्र आधी बघून घे, मच्छीवाल्यांबरोबर दोन-चार दिवस मारून ये, काही जणांना कायमच लागते आणि त्यात लाज काही नाही, डेटा प्रोसेसिंगला चांगले लोक हवेच असतात.

प्रश्न: माझी मुलगी जिऑइन्फर्मेटिक्स शिकलीय, तिला एका सर्व्हे कंपनीकडून ऑफर आलीय, किनाऱ्यावर राहायचं काम. आई म्हणून विचारते, पाठवू का?

उत्तर: काम करेल की नाही हा प्रश्नच नाही, माझ्याबरोबर मुलींनी काम केलंय, लेव्हल बुक तर त्यांचीच वाचण्यासारखी असतात. पण तुमची काळजीही खरी आहे आणि ती गोलमोल ठेवू नका, कंपनीला सरळ प्रश्न विचारायला सांगा. छोट्या लाँचवर टॉयलेट नसतं, आठ-दहा तास बोटीवर काढायचे असतात, तर दुपारी किनाऱ्याला लावणार का? राहायची सोय कुठे, किनाऱ्यापासून किती लांब, टीममध्ये अजून कोणी बाई आहे का? लाइफ जॅकेट स्वतःच्या मापाचं मिळणार की एकच मोठं सगळ्यांना? बोटीला इंजिन एक की दोन, वायरलेस आहे का, बोट कोण चालवतो, तो त्याच गावचा आहे का? कामाची परवानगी, म्हणजे बंदर अधिकाऱ्याचं पत्र आणि पोलिसांना कळवल्याची पोच, साइटवर असते का, कारण ती नसेल तर पहिल्याच दिवशी किनाऱ्यावरचे लोक अडवतात आणि अडवायलाच पाहिजे. यातल्या निम्म्या प्रश्नांना एचआरकडून उत्तर येणार नाही, तिला साइट इंचार्जचा नंबर मागायला सांगा आणि त्यालाच विचारा. तो वैतागला तर दुसरी ऑफर बघा.